पीक टॉर्कला गिअर बदलणाऱ्यांसाठी

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर; पीक टॉर्क म्हणजे इंजिन देऊ शकतं तो सर्वात जास्त. हॉर्सपॉवर म्हणजे तोच जोर किती झपाट्याने कामाला लागतो ते: न्यूटन-मीटर (एनएम, टॉर्कचं एकक) गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), भागिले ७१२१. एवढं बहुतेकांना येतं.

मला वैताग आहे तो 'पिकअप' या शब्दाचा. बुलेट आणि बोलेरोवर वाढलेले आपण, खालच्या आरपीएमला गाडी ओढते का यावरच तिची लायकी ठरवतो. तीच सवय घेऊन माझा एक मित्र अमेरिकेत माझदा आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार घेऊन लगुना सेकाच्या रेसट्रॅकवर उतरला. अकराव्या वळणातून सरळ रस्त्यावर येताना ५५०० ला त्याने सेकंड सोडून थर्ड टाकला. का? "पुढे टॉर्क पडतो ना!"

पडतो की. ५५०० ला २१६ एनएम हा पीक आहे. पण २३२ हॉर्सपॉवर येतात ८५०० ला, आणि वरचं सूत्र उलटं लावून बघितलं तर तिथेही १९४ एनएम हजर. तीन हजार आरपीएममध्ये घट जेमतेम दहा टक्के.

आता गंमत बघा. चाकाला इंजिनाचा टॉर्क थेट मिळतच नाही, गिअरने गुणून मिळतो. सेकंडचा रेशो २.२६९, थर्डचा १.६४५. (गिअरबॉक्सनंतरच्या डिफरन्शिअलचा गुणाकार दोन्हीकडे तोच, सोडून देऊ.) ८५०० ला सेकंडमध्येच राहिलात तर १९४ चे ४४० होतात. त्याच वेगाला थर्डमध्ये अख्खा पीक टॉर्क मिळाला असं धरलं तरी ३५५. म्हणजे 'पडलेला' टॉर्कच चाकाला जास्त ढकलतोय. मित्राने तर ५५०० ला सेकंडमधले ४९० (२१६ गुणिले २.२६९) सोडले, आणि आरपीएमची सुई आली ४००० वर. तिथे पीकइतका टॉर्क धरला तरी १२१ हॉर्सपॉवर. २३२ ची गाडी घेऊन!

खालच्या टॉर्कची चैन सिग्नलला कामाची, हे मान्य. ट्रॅकवर मात्र वळणातून बाहेर येताना गाडी मेलेली वाटली, तर वळणाआधीच एक गिअर खाली यायला हवं होतं.

मित्राला भीती इंजिन फुटायची होती. पण आरएक्स-८ चं इंजिन रोटरी, म्हणजे आत गोल फिरणारे रोटर; वर-खाली आपटणारे पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. आवाज इतका गुळगुळीत चढतो की कानाला रेडलाइन, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, कळत नाही. म्हणून तर माझदाने रेडलाइन जवळ आली की वाजणारा बीप दिलाय. तो बीप मित्राला धोक्याची घंटा वाटत होता.