ट्रिपची गुहा वेगळी, ट्रिपचा पब वेगळा

नॉटिंगहॅमला शिकायला गेलेल्या पोरांचा एक फोटो ठरलेला असतो, किल्ल्याच्या खडकाला चिकटलेला 'ट्रिप टू जेरुसलेम' हा पांढरा पब, भिंतीवर मोठ्या अक्षरात 1189, आणि कॅप्शन काय तर इंग्लंडमधला सगळ्यात जुना पब, रिचर्ड राजाचे सैनिक इथेच बिअर पिऊन धर्मयुद्धाला निघाले. हे वाचून वाचून आता खरंच वैताग आलाय.

पब म्हणजे काय ते सांगत बसत नाही. ट्रिप टू जेरुसलेम आणि बेल इन, दोन्ही एकाच शहरात, चालत जाता येतं इतक्या अंतरावर, आणि आपणच जुने असा दोघांचाही दावा. सॅल्युटेशन म्हणून तिसराही आहे.

घोळ होतो तो इथे. ट्रिपच्या मागच्या खोल्या मऊ वालुकाश्मात कोरलेल्या आहेत, शहराखाली अशा शेकडो गुहा आहेत, वरचा किल्ला 1068 चा, त्यामुळे किल्ल्याची बिअर या गुहांत बनत असेल हे पटण्यासारखं आहे. पण म्हणून गुहेच्या तोंडाशी बांधलेली इमारत तेवढी जुनी कशी होईल? पणजोबांच्या विहिरीशेजारी बंगला बांधला तर बंगला पणजोबांचा होतो का? आणि इमारत जुनी निघाली तरी तिथे पहिल्यापासून गिऱ्हाइकाला दारू विकत होते हे परत वेगळं दाखवावं लागतं. गुहा, इमारत, धंदा, तिघांचं वय वेगवेगळं मोजा, एवढंच म्हणणं आहे.

1998 मध्ये तिन्ही पबच्या तुळयांची वर्षवलयं, म्हणजे झाडाच्या खोडात दरवर्षी वाढणारी कडी, तपासली, त्यावरून लाकूड कधीचं ते कळतं. बेल साधारण 1420, सॅल्युटेशन 1440 आणि ट्रिप थेट 1650 च्या आसपास! धंद्याचं बघायचं तर अठराव्या शतकाच्या मध्यात ट्रिपच्या जागी असलेल्या पबचं नाव पिलग्रिम होतं, आत्ताचं नाव कागदावर पहिल्यांदा दिसतं 1799 मध्ये. 1189 चा एकही कागद नाही, त्या वर्षी रिचर्ड गादीवर बसला एवढंच.

बेललाही हाच नियम लावा हं, लाकूड 1420 चं, पण ती मुळात मठातल्या साधूंची जेवणाची जागा होती असं सांगतात, म्हणजे पब नंतरचा. तरी मला विचाराल तर मी बेललाच जाईन, कारण तिथलं जुनं लाकूड खरंच डोक्यावर उभं आहे.

फोटो जरूर टाका, गुहा सुंदरच आहेत, फक्त कॅप्शनमध्ये 'गुहा जुन्या, इमारत सतराव्या शतकातली' एवढं लिहा.