हुजूर, मजूर आणि चाचण्यांचे आकडे

४ जुलै २०२४ च्या ब्रिटिश निवडणुकीआधीच्या शेवटच्या जनमत चाचण्यांची सरासरी काढली, तर मजूर (लेबर) पक्ष हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या अठरा-एकोणीस टक्क्यांनी पुढे होता. मोजणी झाली आणि अंतर निघालं दहा टक्के. चूक आठ-नऊ टक्क्यांची, पण फारशी कुरबुर झाली नाही. १९९२ मध्ये साधारण एवढीच चूक झाली होती, तेव्हा मात्र चाचणीवाल्यांची अब्रू गेली आणि चौकशी बसली. १९९२ मध्ये त्यांनी हरणाऱ्याला पुढे दाखवलं होतं, २०२४ मध्ये जिंकणाऱ्यालाच जरा जास्त जिंकवलं. दुसऱ्या प्रकारची चूक कोण लक्षात ठेवतो?

ब्रिटनमध्ये जनमताचा आकडा प्रचाराचं नुसतं वर्णन करत नाही, तो प्रचारात उतरतो. पक्ष एकमेकांशी लढतात तसे त्याच्याशीही लढतात, सोयीचा असेल तर मिरवतात, गैरसोयीचा असेल तर त्याचीच भीती घालून मतं मागतात. ही सवय एका दिवसात लागलेली नाही.

‘हुजूर’ आणि ‘मजूर’ ही मराठी वृत्तपत्रांनी रूढ केलेली जोडी. यमक जुळलं म्हणून टिकली, आणि एके काळी अर्थानेही चपखल होती. यातल्या मजूर पक्षाशी आपली ओळख जुनी आहे. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक १९१८ च्या अखेरीस लंडनला गेले, तेव्हा त्यांनी आवर्जून संबंध वाढवले ते या पक्षाशी, तो सत्तेच्या जवळपासही नसताना. त्याच डिसेंबरातल्या निवडणुकीत महायुद्ध जिंकून देणारे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या आघाडीने बाकीच्यांचा धुव्वा उडवला. युद्ध जिंकणारा निवडणूक जिंकतो, हा धडा राजकारण्यांनी तेव्हा गिरवला आणि सत्तावीस वर्षांनी तोच त्यांना नडला.

चाचण्या ब्रिटनमध्ये आल्या १९३७ साली. अमेरिकेतल्या गॅलप या चाचणी संस्थेच्या धर्तीवर हेन्री ड्युरंट यांनी लंडनमध्ये संस्था काढली आणि तिचे निष्कर्ष ‘न्यूज क्रॉनिकल’ हे दैनिक छापू लागलं. १९३८ च्या वेस्ट फुलहॅम पोटनिवडणुकीत मजूर पक्षाच्या एडिथ समरस्किल जिंकतील हे ड्युरंट यांनी जवळजवळ टक्क्यापर्यंत बरोबर सांगितलं. तरीही पुढाऱ्यांनी त्यांना फार मनावर घेतलं नाही. मतदारसंघाची नाडी आपल्या कार्यकर्त्याला कळते, कागद-पेन्सिल घेऊन दारोदार फिरणाऱ्या परक्या माणसाला काय कळणार, असा तो काळ होता.

मग १९४५. युद्धामुळे दहा वर्षं सार्वत्रिक निवडणूकच झाली नव्हती. चर्चिल यांची लोकप्रियता त्या वसंतात ८० टक्क्यांच्या वर होती आणि त्याच गॅलपच्या आकड्यांत त्यांचा पक्ष मजूर पक्षाच्या मागे होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे लोकांना पचेना. लोकांना चर्चिल आवडत होते, पण तीसच्या दशकातली बेकारी आठवत होती, आणि डिसेंबर १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने दाखवलेलं सामाजिक सुरक्षेचं चित्र हवं होतं. ४ जूनला चर्चिल यांनी रेडिओवरून सांगितलं की समाजवाद्यांना राज्य चालवायला कुठल्या तरी रूपातली गेस्टापो, म्हणजे नाझींसारखी गुप्त पोलीस यंत्रणा, लागेल. कालपर्यंत ज्यांच्यासोबत युद्धकाळाचं मंत्रिमंडळ चालवलं, त्या मजूर नेते ॲटलींच्या पक्षाबद्दल हे! दुसऱ्या दिवशी ॲटली शांतपणे म्हणाले, युद्धाचे नेते चर्चिल आणि हुजूर पक्षाचे नेते चर्चिल यांत किती अंतर आहे ते दाखवून दिल्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. असं सौम्य उत्तर शिवीपेक्षा जास्त लागतं.

५ जुलैला मतदान झालं, पण परदेशातल्या सैनिकांची मतं यायची म्हणून मोजणी झाली २६ जुलैला. मधल्या तीन आठवड्यांत दोन्ही पक्षांतले जाणते हुजूर पक्षाचं बहुमत धरून चालले होते. गॅलपचा शेवटचा आकडा मजूर पक्षाला सहा टक्क्यांची आघाडी देत होता आणि छापूनही आला होता. तो बहुतेकांनी वाचला आणि पान उलटलं. निकाल लागला : मजूर ३९३, हुजूर १९७. पॉट्सडॅमच्या परिषदेतून चर्चिल घरी आले ते परत गेलेच नाहीत, त्यांच्या खुर्चीवर ॲटली बसले. भारतमंत्री लिओ ॲमरी बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रूकमध्ये पडले. त्यांच्याविरुद्ध कम्युनिस्टांतर्फे रजनी पाम दत्त उभे होते, पण जिंकले मजूर पक्षाचे पर्सी शर्मर. पुढच्या दोन वर्षांत भारतात जे घडलं, त्याचा एक धागा या मोजणीत होता.

चाचणीला १९४५ ने प्रतिष्ठा दिली आणि १९५१ ने तिची मर्यादा दाखवली. त्या वर्षी मजूर पक्षाला १ कोटी ३९ लाख मतं पडली, म्हणजे ४८.८ टक्के. हुजूर आणि त्यांच्या सोबत्यांना १ कोटी ३७ लाख. जागा मात्र हुजूर ३२१ आणि मजूर २९५. कोळसा खाणींच्या पट्ट्यात मजूर पक्षाची मतं डोंगरासारखी साठली होती आणि एका मतदारसंघात चाळीस हजारांनी जिंकलं तरी जागा एकच मिळते. आपल्याकडचीही पद्धत तीच असल्याने हे समजायला मराठी वाचकाला कष्ट पडू नयेत. चाचणी टक्के मोजते, सत्ता जागांवर ठरते. हा सांधा जोडायला निवडणूक अभ्यासक डेव्हिड बटलर यांनी ‘स्विंग’चं, म्हणजे एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किती टक्के मतं सरकली याचं, गणित रुजवलं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीबीसीवर त्याचा काटा हलू लागला. हेच बटलर पुढे प्रणय रॉय यांच्यासोबत भारतीय निवडणुकांचं गणित मांडत होते. आपल्या वाहिन्यांवर निकालाच्या दिवशी जो ‘स्विंग’ ऐकू येतो त्याचं आजोळ तिकडे आहे.

साठच्या दशकात चाचण्या इतक्या वाढल्या की मतदानाआधी ७२ तास त्या छापायला बंदी घालावी अशी शिफारस संसदेच्या सभापतींच्या परिषदेने केली. सरकारने ती मानली नाही. आजही तिथे प्रचारात शेवटपर्यंत चाचण्या छापता येतात, मतदान सुरू असताना मात्र मतदानोत्तर चाचणी जाहीर करता येत नाही.

१८ जून १९७० ला पहिला मोठा फटका बसला. मजूर पंतप्रधान हॅरल्ड विल्सन आरामात जिंकतील असं जवळजवळ सगळ्या चाचण्या सांगत होत्या. एकाच संस्थेने शेवटच्या दिवसांत काही मतदारांना पुन्हा गाठलं आणि हुजूर नेते एडवर्ड हीथ यांना निसटती आघाडी दिली. हीथ ३३० जागा घेऊन आले. चार दिवस आधी इंग्लंड विश्वचषकात पश्चिम जर्मनीकडून ३-२ ने हरलं होतं आणि विल्सन त्यामुळे पडले असं अजून सांगितलं जातं. दुसऱ्याच दिवशी व्यापारतुटीचा वाईट आकडा आला होता, हे कमी सांगितलं जातं. फुटबॉलची गोष्ट रंगते, आयात-निर्यातीची रंगत नाही.

१९७९ मध्ये वैयक्तिक पसंतीत मजूर पंतप्रधान कॅलहन हुजूर नेत्या थॅचर यांच्यापेक्षा वर होते आणि निवडणूक हरले. १९४५ चीच लहान आवृत्ती.

१९९२ वर मात्र थांबायला हवं. हुजूर पक्ष सलग तीनदा जिंकलेला, मंदी चालू, पोल टॅक्सवरून (माणशी सारख्या स्थानिक करावरून) गदारोळ होऊन थॅचर गेलेल्या, आणि त्यांच्या जागी आलेले जॉन मेजर साबणाच्या खोक्यावर उभे राहून चौकात भाषणं करताहेत. दिसायला सगळं मजूर पक्षाच्या बाजूचं. पण जानेवारीतच हुजूर पक्षाने ‘टॅक्स बॉम्बशेल’चं पोस्टर लावलं होतं : मजूर आले तर करांचा भरमसाट बोजा. मार्चमध्ये मजूर पक्षाचे जॉन स्मिथ यांनी पर्यायी अर्थसंकल्प मांडला आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. १ एप्रिलला शेफील्डमध्ये मजूर नेते नील किनॉक यांची विजयसभा वाटावी अशी जंगी सभा झाली. त्याच सुमारास एका चाचणीत सात टक्क्यांची आघाडी दिसली होती. हरल्यावर सगळं खापर या सभेवर फुटलं. मला ते पटत नाही. एका संध्याकाळच्या भपक्याने लाखो मतं फिरत नाहीत, ती आधीच चाचणीवाल्यांना दिसत होती त्याहून कमी असावीत.

९ एप्रिलला मेजर यांना १ कोटी ४० लाख मतं पडली. ब्रिटनमध्ये एका पक्षाला इतकी मतं त्याआधीही पडली नव्हती आणि नंतरही नाहीत. तरी बहुमत जेमतेम २१ चं. चौकशीत तीन कारणं निघाली : शेवटच्या क्षणी बदललेली मनं, वय-वर्गाचे ठरवलेले नमुने जुने आणि चुकीचे, आणि हुजूर मतदारांचं तोंड न उघडणं. यातल्या तिसऱ्यालाच ‘लाजाळू टोरी’ (टोरी म्हणजे हुजूर) असं नाव चिकटलं, कारण ते सगळ्यांत मजेशीर होतं.

२०१५ मध्ये आकड्याने आणखी पुढची मजल मारली. चाचण्या ३४-३४ अशी बरोबरी दाखवत होत्या, म्हणून प्रचाराचा विषयच झाला त्रिशंकू संसद. मजूर नेते एड मिलिबँड स्कॉटिश राष्ट्रवादी नेते ॲलेक्स सॅमंड यांच्या कोटाच्या खिशात बसलेत, असं पोस्टर हुजूर पक्षाने काढलं. मजूर सरकार आलं तर लगाम एडिंबरोकडे जाईल, ही भीती त्या बरोबरीवरच उभी होती. निकाल आला तेव्हा हुजूर पंतप्रधान कॅमेरन यांना स्पष्ट बहुमत होतं. हुजूर पक्षाला सगळ्यांत मोठा पक्ष दाखवणारी मतदानोत्तर चाचणी रात्री दहाला जाहीर झाल्यावर लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे माजी नेते पॅडी ॲशडाउन बीबीसीवर म्हणाले की हे खरं निघालं तर मी माझी टोपी खाईन. हुजूर पक्ष त्याच्याही पुढे गेला. पुढच्या वर्षी चौकशीने मुख्य दोष दिला तो नमुन्यांना. ज्यांना विचारलं ती माणसं मुळात देशासारखी नव्हती. पण खोट्या बरोबरीवर रंगलेला प्रचार कोण परत घेणार?

२०१७ मध्ये वीसेक टक्क्यांच्या आघाडीच्या जोरावर हुजूर पंतप्रधान थेरेसा मे यांनी मुदतीआधी निवडणूक घेतली आणि होतं तेही बहुमत घालवलं.

म्हणून २०२४ च्या जूनमध्ये हुजूर मंत्री जे बोलू लागले ते ऐकण्यासारखं होतं. आम्ही जिंकू असं ते म्हणेनात. चाचण्या खऱ्या ठरल्या तर मजूर पक्षाला राक्षसी बहुमत मिळेल, त्याला आवर घालायला तरी आम्हाला मत द्या, असं म्हणू लागले. विरोधी आकडा खोडण्याऐवजी तोच हातात घेऊन मतं मागितली. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं पडली, १९५१ मध्ये हरताना पडली होती त्यापेक्षा पंधरा टक्के कमी. जागा मिळाल्या ४११.