कान चांगले, मग पोरगं ऐकत का नाही?

अमळनेर तालुक्यातली एक माय नऊ वर्षांच्या पोराला घेऊन आली होती. हातात कानाच्या तपासणीचा कागद. दोन्ही कानांच्या रेघा १५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे निरोगी. "याले ऐकू येस, पन समजत नही," ती म्हणाली. वर्गाच्या पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की गुरुजी 'पाटी' म्हणाले की 'काठी', हे त्याला उमगत नाही. 'वही काढ, तारीख टाक, मग फळ्यावरचं लिही' यातलं पहिलंच काय ते त्याच्या पदरात पडतं.

तो कागद खोटा नव्हता. हलक्यात हलका बीप ऐकू येतो का, एवढंच ते मशीन विचारतं. ऐकलेल्याचं मेंदू पुढे काय करतो, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नाही. तिथे अडचण असेल तर तिला श्रवण-प्रक्रिया विकार म्हणतात. हा प्रश्न नीट विचारला गेला १९५४ साली, इटलीत. बोक्का आणि कालेआरो हे डॉक्टर कानशिलामागच्या मेंदूच्या भागात गाठ असलेले रुग्ण तपासत होते. या रुग्णांना बीप व्यवस्थित ऐकू येत होते. मग डॉक्टरांनी शब्दांतले उंच स्वर गाळून ते मुद्दाम अंधुक केले, आणि गाठीच्या विरुद्ध बाजूचा कान अडखळू लागला. कान चांगला, अडचण कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या वरच्या वाटेवर. त्याच वर्षी अमेरिकेत मायकलबस्ट यांनी मुलांच्या बाबतीतही ही वरची वाट तपासायला हवी, असं मांडलं.

१९६१ साली मॉन्ट्रियलमध्ये डोरीन किमुरा यांनी दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवले. बहुतेकांचा उजवा कान पुढे राहिला, कारण त्याची मुख्य वाट भाषा सांभाळणाऱ्या डाव्या मेंदूकडे जाते. डाव्या कानातला शब्द आधी उजव्या मेंदूत पोचतो आणि तिथून मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल ओलांडून येतो. हा पूल किशोरवयापर्यंत पक्का होत राहतो. म्हणून लहान मुलांचा डावा कान मागे पडणं काही प्रमाणात स्वाभाविक आहे. निकाल वयाप्रमाणे लावावा लागतो, आणि सात वर्षांच्या आत सहसा निदान करत नाहीत.

गाठीच्या रुग्णांसाठी जन्मलेल्या या चाचण्या १९७० च्या दशकात शाळकरी मुलांवर वापरल्या जाऊ लागल्या. वाद तिथूनच सुरू झाला. १९७३ मध्येच नॉर्मा रीस यांनी विचारलं होतं, की भाषेच्या अडचणींचं खापर आपण ऐकण्यावर तर फोडत नाही ना? अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने १९९६ आणि २००५ मध्ये या विकाराच्या व्याख्या बांधून दिल्या. पण २०१० साली ब्रिटनमध्ये डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीड हजार मुलं तपासली, तेव्हा ऐकण्याच्या तक्रारींशी आवाजाच्या चाचण्यांपेक्षा लक्ष टिकण्याचा संबंध जास्त दिसला. मला हा आक्षेप मोलाचा वाटतो. लक्ष, स्मरण आणि भाषा तपासल्याशिवाय कुणा पोराला या विकाराचं नाव चिकटवू नये.

आपल्याकडे म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत आशा यथिराज आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठी १२ प्रश्नांची यादी केली. संशयित मुलं निवडायला ती पुरते, निदानाला नाही. निदानाला शब्द लागतात, आणि खानदेशात प्रश्न उभा राहतो तो शब्दांचाच.

घरी अहिराणी, रावेर-यावलकडे तावडी, सातपुड्यात भिली बोली, आणि शाळेत पुस्तकी मराठी. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने १९०७ मध्ये अहिराणी 'खानदेशी' या नावाखाली भिली बोलींच्या खंडात नोंदवली, तेव्हापासूनच तिचं वेगळेपण कागदावर आहे. चाचणीत 'डोळा' ऐकवला तर आमचं पोरगं 'डोया' म्हणतं, 'केळी'ची 'केयी' करतं. त्याने बरोबर ऐकलं, बरोबर ओळखलं आणि आपल्या बोलीत सांगितलं. तपासणाऱ्याला बोली ठाऊक नसेल तर दोन्हीवर फुली बसते. अमळनेरच्या त्या पोराच्या आधीच्या शब्द-चाचणीच्या कागदावर तसंच झालं होतं. फुल्या पुन्हा मोजल्या तेव्हा बऱ्याच पुसल्या गेल्या.

म्हणून बिनशब्दांच्या चाचण्या इथे जास्त कामाच्या. तीन स्वर वाजतात, काही उंच, काही खालचे, आणि मुलाने 'वर-खाली-वर' सांगायचं. सांगता आलं नाही तर गुणगुणायचं. गुणगुणणं जमलं आणि सांगणं अडलं, तर शंका त्या पुलावर जाते.

अमळनेरच्या पोराने दोन्ही केलं, पण दोन कानांतल्या आकड्यांत डावा कान वयाच्या मानाने बराच मागे होता. यावर सराव असतो. अशक्त कानातला आवाज तसाच ठेवायचा, दुसऱ्यातला कमी करून सुरुवात करायची आणि हळूहळू दोन्ही समान करायचे. वर्गासाठी गुरुजींच्या गळ्याशी माइक आणि मुलाच्या कानाशी रिसीव्हर असं साधन मिळतं, पण ते महाग. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकण्याचं प्रमाणपत्र ६० डेसिबलपासून पुढे. १५ च्या रेघेला काही मिळत नाही. अध्ययन अक्षमता त्या कायद्यात आहे, या विकाराचं नाव नाही.

अमेरिकेच्या २००२ च्या मानकात रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलपर्यंतच चालतो. पत्र्याखाली श्रावणात ते शक्य नाही. पण त्या पोराची जागा रस्त्याकडच्या खिडकीजवळून काढून दुसऱ्या रांगेत झाली. गुरुजी आता आधी त्याचं नाव घेतात, त्याने वर पाहिलं की एकच सूचना सांगतात, आणि पाऊस वाढला की तीच फळ्यावर लिहितात.