सातची शाळा आणि पंधरा वर्षांचा मेंदू

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चिमुरड्यांची झोप पुरी व्हावी हा हेतू चांगलाच. पण उशिराच्या शाळेची खरी गरज ज्यांना आहे ती नववी-दहावीची मुलं त्यात नाहीत. दोन पाळ्यांच्या कितीतरी शाळांत सकाळी सातची पाळी नेमकी त्यांच्याच वाट्याला येते.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. दरवर्षी एखादा तरी मुलगा नववीत घसरतो. आधी पहिला तास चुकतो, मग दांड्या, घरी आदळआपट, चाचणीत नापास आणि शेवटी ‘मला शाळेतच जायचं नाही’. कुणी आळशी म्हणतं, कुणी संगतीला दोष देतं, कुणी दृष्ट काढून दंडात ताईत बांधतं. घरातली भांडणं, पैशांची ओढाताण, नैराश्य अशी कारणं असू शकतात आणि ती शोधायलाच हवीत. पण हा झोपतो किती, हे सहसा कुणी विचारत नाही.

आपली झोप दोन गोष्टी मिळून ठरवतात. एक, झोपेचा दाब. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि डोळे जड होतात. दुसरं, मेंदूतलं घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना हे घड्याळ तास-दोन तास मागे पडतं, शिवाय झोपेचा दाबही सावकाश वाढतो. त्यातच, झोप लागण्याआधीचे दोनेक तास हे घड्याळ मेंदूला सर्वांत जागं ठेवतं. म्हणून साडेनऊला दिवा घालवून पाठवलेला मुलगा छताकडे बघत पडतो. तो नाटक करत नसतो.

पहाटे साडेपाचला गजर होतो तेव्हा त्याच्या शरीरात अजून रात्रच असते. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात होऊन जाते, पण स्वप्नांची, म्हणजे रेम झोप पहाटेकडे दाटलेली असते. गजर नेमका तिच्यावर घाला घालतो आणि भावना ताब्यात ठेवण्यासाठी हीच झोप महत्त्वाची असते. अमेरिकेत झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्काडन यांनी १९९८ मध्ये ७.२०च्या शाळेत जाणारी दहावीची मुलं तपासली. सकाळी पुन्हा झोपू दिल्यावर जवळपास निम्मी थेट रेममध्ये शिरली. एरवी तिथे पोचायला तास-दीड तास लागतो.

ब्राह्ममुहूर्तावर केलेला अभ्यासच डोक्यात राहतो, ही समजूत इथेच घात करते. आजोबांना पहाटे प्रसन्न वाटतं, कारण उतारवयात घड्याळ पुन्हा अलीकडे सरकतं. नातवाचं तसं नसतं. त्याला लवकर झोप लागावी म्हणून मेलाटोनिनच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

अमेरिकेतल्या सिॲटल शहरात २०१६ साली हायस्कूलची वेळ ७.५०वरून ८.४५ केली. मुलांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली, आणि अभ्यासलेल्या दोन शाळांपैकी गरीब वस्तीतल्या शाळेत हजेरीही सुधारली.

आपल्याकडे वेळ बदलेपर्यंत घरी करता येईल ते करा. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर, उजेडात काढायची, त्याने घड्याळ अलीकडे येतं. रात्री मोबाइलचा उजेड ते मागे ढकलतो. रविवारी अकरापर्यंत झोपलं की आठवड्याची मेहनत वाया जाते, तासभर जास्त पुरे. पहाटेची शिकवणी बंद करून संध्याकाळची लावा. रात्री दहा वाजता निकालावरून वाद काढू नका. महिनाभर एवढं करूनही तो गप्प आणि उदास असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

आणि दहावीला एक-दोन विषय राहिलेच तर निकालानंतर पुरवणी परीक्षा असते, एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो. शाळा पूर्णच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. तो फॉर्म परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो, त्यामुळे चौकशी आत्ताच करा.