पाव आट्यानं बदलणारा धूर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात परवा एका जुन्या कार्बोरेटरवाल्या (हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण करणारा भाग असलेल्या) गाडीचं ट्युनिंग चाललं होतं. मिस्त्रीनं मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा एअर-स्क्रू पाव आटा फिरवला, कान लावला, परत जरा मागं घेतला. "आता कसं गोड फिरतंय बघा!" फिरत होतं खरं. पण सायलेन्सरातून काय बाहेर पडतंय, ते कानाला कुठं कळतं?

पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल, म्हणजे एक अल्कोहोल, उसातूनही येतं, त्यामुळे कोल्हापूरकरांना त्याचं कौतुक जरा जास्तच. पण अल्कोहोलवर चालते म्हणून गाडी स्वच्छ, हे अर्धंच खरं.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ किलो पुरते. इथेनॉलच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त ऑक्सिजनच असतो ना! म्हणून पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटमधून (इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) २० टक्के इथेनॉलचं इंधन गेलं की मिश्रण आपोआप 'लीन' होतं, म्हणजे गरजेपेक्षा हवा जास्त. कार्बन मोनॉक्साइड घटतो. पण थोड्याशा लीन मिश्रणातच नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू सर्वांत जास्त तयार होतात, कारण तिथं उष्णताही भरपूर आणि ऑक्सिजनही शिल्लक. त्याहून लीन केलं तर ते कमी होतात, पण इंजिन मिसफायर करायला लागतं आणि न जळलेलं अल्कोहोल तसंच बाहेर पडतं. अर्धवट जळालेल्या इथेनॉलचं होतं अ‍ॅसिटाल्डिहाइड. त्याचा वास उग्र, आणि डोळे चुरचुरतात.

दुसरी कळ टायमिंगची, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याची. इथेनॉल बाष्प होताना भरपूर उष्णता शोषतं, त्यामुळे ज्वाला जरा थंड राहते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. शिवाय ऑक्टेन जास्त, म्हणजे नॉकिंगची (मिश्रण अवेळी आपोआप पेटून इंजिन ठोकण्याची) भीती कमी. मग पिकअपच्या मोहानं ठिणगी 'अ‍ॅडव्हान्स', म्हणजे लवकर, केली जाते, कॉम्प्रेशनही (मिश्रणावरचा दाबही) वाढवलं जातं, आणि सिलिंडरमधलं तापमान पुन्हा चढतं. इंधनानं वाचवलेलं सेटिंगनं खाल्लं! ठिणगी मागं घेतली, म्हणजे उशिरा पाडली, तर उलटं होतं: धूर जास्त गरम निघतो, उरलंसुरलं अल्कोहोल वाटेतच जळतं, पण मायलेज मार खातं.

नव्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर हवा-इंधनाचं प्रमाण क्षणोक्षणी सांभाळतो. जुन्या गाडीत मिस्त्रीचा कान.

आणि पीयूसीची (धूर तपासणीची) नळी? पेट्रोल गाडीत ती कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन) मोजते, नायट्रोजन ऑक्साइड नाही. परवाची गाडी पास झाली.