शाळा तोंडी ‘नाही’ म्हणाली, तर ते कागदावर मागा

पालकहो,

आमच्या केंद्रात दिव्यांग मूल घेऊन येणाऱ्या बहुतेक आईवडिलांचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतोच. ‘शाळा म्हणते, आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे बघा. आता कुठे जायचं?’ हा असतो. हे पत्रक त्यासाठीच काढलं आहे.

तुमचा मुख्य आधार म्हणजे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, आता २१ आहेत. ऑटिझम, तसंच डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमता त्यात नव्याने आल्या. म्हणजे ‘तो दिसायला तर धडधाकट आहे’ या बोलण्याला कायद्यात जागा नाही.

कलम १६ नीट वाचून ठेवा. सरकारी असो, अनुदानित असो की नुसती मान्यताप्राप्त खासगी, शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी, असं त्यात आहे. शाळा तसं वागतात की नाही हे पाहणं सरकारचं आणि स्थानिक संस्थांचं काम आहे. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवलं. त्यावरून काही शाळा हात झटकतात. पण २०१६च्या कायद्यात अशी सूट दिलेली नाही.

आरटीई लागू असलेल्या शाळेत प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढूनही टाकता येत नाही. ‘दाखला घेऊन जा’ असा दबाव आला तर तुम्ही स्वतः तसा अर्ज लिहून देऊ नका. एकदा तो दिला, की शाळा म्हणायला मोकळी: पालकांनीच नेलं.

विशेष शाळेची निवडही तुमची आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क कलम ३१ देतं. मात्र हे मोफत शिक्षण पुरवण्याची जबाबदारी सरकारची आहे. विनाअनुदानित खासगी शाळेची फी त्यामुळे आपोआप माफ होत नाही. तिथे आरटीईच्या २५ टक्के जागांमधून अर्ज करा, दिव्यांग मुलं त्या गटात येतात.

आता कागदाचं. नकार जवळजवळ नेहमी तोंडी येतो, कारण लेखी नकार शाळेला महागात पडू शकतो. म्हणून मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: ‘माझ्या पाल्याला प्रवेश देता येणार नाही, असे आज तोंडी सांगण्यात आले. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ चा विचार करून नकाराचे कारण लेखी द्यावे.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच दिली नाही, तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. पत्र पोचल्यावर शाळेचा सूर बदलतो, हा अनुभव आम्हाला वारंवार येतो. ‘शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस) स्वतःच्या खर्चाने आणा, तरच प्रवेश’ ही अटसुद्धा अशीच लेखी मागा.

तरीही हललं नाही, तर शिक्षणाधिकारी, आणि पुढे पुण्यातले राज्याचे दिव्यांग आयुक्त. चौकशीत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. ते ज्या कार्यालयाला शिफारस करतात, त्याला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. कायदा मोडल्याचं सिद्ध झालं, तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख.

‘विशेष शिक्षक नाहीत’ हे उत्तरही ऐकाल. प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवलं आहे. शिक्षक नाहीत ही व्यवस्थेची उणीव आहे, तिची शिक्षा मुलाला होता कामा नये.

परीक्षेसाठी लेखनिक, जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या सवलतींचा उल्लेख कलम १७ मध्येच आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आत आहे एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी मुंबईच्या केंद्रावर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणाऱ्या, लेखन अक्षमता असलेल्या मुलीला जादा वेळ मिळाला नव्हता. तिच्यावरचा अन्याय दूर करायला न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितलं, पण फेरपरीक्षा मिळाली नाही. म्हणून सवलतीचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. दहावीला बसणाऱ्या मुलांनी तर नववीतच तपासणी करून घ्यावी.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जून २०२१ पासून यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी) पोर्टलवरूनच मिळतं. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. टक्केवारी पटली नाही, तर अपील करता येतं. आमच्या केंद्राचा अहवाल सोबत जोडा, पण तो प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही.

आम्ही शिकवणारी माणसं आहोत, वकील नाही. अर्ज लिहायला मदत करू, सुनावणीपर्यंत गेलात तर अभ्यासाच्या नोंदी काढून देऊ. त्यासाठी वेगळी फी नाही. येताना यूडीआयडी कार्ड, दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि शाळेशी झालेल्या सगळ्या पत्रव्यवहाराच्या झेरॉक्स आणा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप असतील, तर तारखा दिसतील असे छापून आणा.