दिगू टिपणीसनं लिहिलं का नाही? कोल्हापूरच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

पत्रकारावरचा कुठलाही राजकीय थ्रिलर येऊ दे, पिक्चर असो नाहीतर वेबसिरीज, कोल्हापुरात नव्यावर दोन वाक्यं होतात आणि तिसऱ्याला 'सिंहासन' निघतोच. 1979 चा मराठी पिक्चर, ब्लॅक अँड व्हाईट, तरी नवं काहीही आलं की तुलना त्याच्याशीच. भांडणही ठरलेलं आहे. एकजण म्हणणार त्यातला दिगू टिपणीस हा मराठी पडद्यावरचा एकमेव प्रामाणिक पत्रकार, दुसरा म्हणणार कसला प्रामाणिक, सगळं माहीत असून गप बसला की रं तो. हे भांडण आलं कुठनं ते बघायचं तर थोडं मागं जावं लागतं, फार मागं नको, कारण खरा मालमसाला सत्तरच्या दशकातच आहे.

1975 ला 'सामना' आला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा, एक बेपत्ता झालेला माणूस आणि त्याचं काय झालं हे विचारत सुटलेला दारुडा मास्तर. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरजच नव्हती, प्रत्येकाच्या तालुक्यात असा एक कारखानदार होताच. चार वर्षांनी त्याच दिग्दर्शकानं आणि त्याच लेखकाच्या पटकथेवर 'सिंहासन' केला आणि काय केलं तर कारखानदार झालेला नट, निळू फुले, पत्रकार दिगू केला आणि प्रश्न विचारणारा मास्तर, श्रीराम लागू, केला अर्थमंत्री, तोही मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढणारा. ही अदलाबदल मुद्दाम होती का नव्हती ते सोडा, पण प्रेक्षकाच्या डोक्यात गडबड व्हायचीच. तमाशापटातला पाटील-सरपंच म्हणून ज्याला बायाबापड्या शिव्या घालत होत्या, आणि ते तमाशापट बरेचसे इथल्याच स्टुडिओत झालेले, तो माणूस एकदम झोळी लावून मंत्रालयाच्या जिन्यावर! त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हाच आधी प्रश्न. आणि मुख्यमंत्री झालेला नट, अरुण सरनाईक, तर कोल्हापूरचाच, पुढं 1984 ला अपघातात गेला, त्यामुळं इथल्या जुन्या लोकांची निम्मी सहानुभूती आजही मुख्यमंत्र्याकडं असते, हे कुणी कबूल करत नाही तो भाग वेगळा.

दुसरी गोष्ट टायमिंगची. जुलै 1978 मध्ये राज्यातलं सरकार आतनंच फुटून पडलं आणि पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं. त्याच नव्या सरकारच्या काळात शूटिंगला मंत्रालयात परवानगी मिळाली. मग लोक म्हणाले हा पिक्चर म्हणजे पुलोदचीच गोष्ट, अमका म्हणजे तमका, आणि हे आजही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पण पिक्चर ज्या दोन कादंबऱ्यांवर आहे त्या दोन्ही सरकार पडायच्या आधीच छापून आल्या होत्या, आणि त्या लिहिणारा स्वतः मुंबईत पत्रकारी करणारा माणूस होता. म्हणजे घडलेलं बघून लिहिलं असं नाही, रोज कॉरिडॉरमध्ये उभं राहून जे दिसतं त्यावरनं लिहिलं, आणि नंतर तसंच घडलं. दिगू कुठनं आला हे यातनं कळतं.

आता मुख्य भांडण, शेवटाचं. गोष्ट सांगत बसत नाही, सगळ्यांनी बघितलाय. सगळ्या बंगल्यांवर दिगूचा राबता, मंत्री त्याच्याशी बोलतात, कामगार पुढारी बोलतो, कोण कुणाला पाडतंय हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि तरी सरकार हलवणारी अशी बातमी त्याच्या हातनं छापून आलेली आपल्याला दिसत नाही. मुख्यमंत्री खुर्ची वाचवतो आणि दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो.

पहिल्या गटाचं म्हणणं असं की त्यानं पाकीट घेतलं नाही, भूखंड घेतला नाही, कुणाचा माणूस झाला नाही, आणि दिलेला शब्द पाळला. ऑफ द रेकॉर्ड सांगितलेलं छापलं तर दुसऱ्या दिवसापासनं दारं बंद, मग पुढची पाच वर्षं कसली पत्रकारी करणार? आणि छापायचं म्हटलं तरी छापणार कोण, मालकाला सरकारी जाहिराती पाहिजेत. तेव्हा ते हसणं हाच त्याचा अग्रलेख, असं हे लोक म्हणतात. ऐकायला भारी वाटतं.

मला हे पटत नाही आणि का ते जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या सिरीजवर बोलतानाही सगळा गोंधळ इथंच होतो. ऑफ द रेकॉर्ड म्हणजे मंत्र्यानं चहा पाजून, सगळं बोलून झाल्यावर 'हे छापू नका हं' म्हटलं की पत्रकाराचं तोंड कायमचं शिवलं असं नसतं. ती अट बोलायच्या आधी ठरायला लागते आणि दोघांनी मान्य करायला लागते. मान्य केली तरी बंधन त्या माणसाच्या तोंडच्या बोलण्यावर असतं, माहितीवर नसतं. तीच गोष्ट दुसऱ्या दोघांकडनं वेगळी पक्की झाली, कागद मिळाला, तर पहिल्याचं नाव न घेता खुशाल लिहिता येते. तालुक्याचा वार्ताहरसुद्धा हे रोज करतो, पाणीपुरवठ्याच्या टेंडरची बातमी अशीच निघते. आणि दिगूकडं तर दोन नाही, चांगली पाच-सहा माणसं होती, एकमेकांच्या विरोधातली! शिवाय सोर्स लपवायचा नियम आला कुणासाठी? ज्याची नोकरी जाईल, ज्याच्या जिवावर बेतेल अशा क्लार्कसाठी, शिपायासाठी. मंत्री पत्रकाराला काही सांगतो तेव्हा तो धोका पत्करत नसतो, तो पत्रकाराला वापरत असतो. परत बघा पिक्चर, प्रत्येक गट दिगूकडनं दुसऱ्या गटाचा अंदाज घेतोय. त्याला हे कळतं, बहुतेक म्हणूनच तो हसतो. पण कळणं वेगळं आणि लिहिणं वेगळं.

मग पहिला गट ठेवणीतलं हत्यार काढतो, 1882. लिहून काय झालं ते बघा म्हणतात. आमच्या महाराजांचा छळ चाललाय म्हणून पुण्यातल्या दोन तरुण संपादकांनी, टिळक आणि आगरकरांनी, करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यावर लिहिलं, हातात आलेली पत्रं छापली, कोर्टात ती पत्रं बनावट निघाली, माफी मागूनही चार महिन्यांची सजा झाली आणि त्यातले 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. त्यांचा केसरी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालेलं. यावर दुसरा गट म्हणतो, आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1883 ला, महाराज नगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याबरोबरच्या झटापटीत गेले, म्हणजे ओरड खोटी होती का? दोन्ही बाजू आपल्या सोयीचा अर्धा भाग सांगतात. माझ्या मते या प्रकरणात भावना खरी होती आणि कागद खोटे, आणि पत्रकाराला भावनेवर जामीन मिळत नाही. पण त्यावरनं 'म्हणून लिहूच नये' हे कसं निघतं? कागद तपासून लिहावं एवढंच निघतं. थ्रिलरवाले हे तपासणं कधी दाखवत नाहीत, कारण ते बघायला कंटाळवाणं असतं. वॉटरगेटवरच्या 1976 च्या अमेरिकन पिक्चरमध्ये बराच वेळ नुसते फोन आणि टाइपरायटर चाललेत, तो इथं ज्याला ज्याला सुचवला त्यानं 'स्लो आहे' म्हणून परत केला.

पैशाचा मुद्दा पण जुनाच. 1920 च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांचा मूकनायक निघाला त्याला करवीर दरबाराकडनं 2500 रुपये मिळाले होते. राजाचे पैसे घेतले म्हणून पेपर मिंधा झाला असं कुणी म्हणू शकत नाही, अंक काढून वाचा. आणि त्याच मूकनायकची जाहिरात रोख पैसे देतो म्हटलं तरी छापायला पुण्यात नकार मिळाला होता. म्हणजे पैसे घेतले म्हणून वाईट आणि नाकारले म्हणून चांगलं असं सरळ गणित तेव्हाही नव्हतं.

गणित खरं बिघडलं ते 2009 ला. त्या ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या तीन वेगवेगळ्या मराठी पेपरांत एका बड्या उमेदवाराच्या कौतुकाचा एकच लेख जवळपास शब्दशः आला, पानंच्या पानं पुरवण्या निघाल्या, आणि उमेदवारानं पेपरातल्या जाहिरातींचा खर्च दाखवला 5,379 रुपये. (पुढं 2014 ला निवडणूक आयोगाची नोटीस निघाली आणि ती हायकोर्टात टिकली नाही, हेही सांगायला पाहिजे.) पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, प्रेस कौन्सिलच्या दोघांच्या समितीनं 2010 ला 71 पानांचा अहवाल केला, नावं घेऊन, तर कौन्सिलनं तो पूर्ण न काढता आवळून काढला, आणि पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती अधिकारातनं 2011 उजाडलं.

यानंतर सिंहासनबद्दलचं बोलणंच बदललं. आधी प्रश्न होता दिगू का लिहीत नाही, आता कॉलेजची पोरं विचारायला लागली की दिगूचा पेपर कुणाचा, त्याला पगार किती, जाहिरातीचं टार्गेट होतं का. हा प्रश्न बरोबर आहे. तालुका वार्ताहराला पगार म्हणण्यासारखा नसतो, जाहिरातीवर कमिशन असतं, आणि जाहिरात देणार कोण तर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, वाढदिवसवाले साहेब. म्हणजे ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्याकडनंच घर चालवायचं. आमच्याकडं तर 2019 च्या लोकसभेला कुणाला पाडायचं ते पुढाऱ्यांनी 'आमचं ठरलंय' असं भिंतीवर रंगवून सांगितलं, त्यात पत्रकारानं शोधून काढायचं तरी काय राहिलं म्हणा! त्याच वर्षी नोव्हेंबरात पहाटेचा शपथविधी झाला, 2022 ला परत सरकार फुटलं, 2023 ला आणखी एक पक्ष फुटला, आणि दर वेळेला मोबाईलवर सिंहासनचे तुकडे फिरले. नवी पिढी पिक्चर अशीच बघते, तुकड्यातुकड्यानं, त्यामुळं तिला दिगू फक्त हसतानाच माहीत आहे.

तिसरं एक मत अलीकडं तयार झालंय, ते जिवाचं. 2011 ला पवईत भरदुपारी क्राईम रिपोर्टरला गोळ्या घातल्या. 2015 च्या फेब्रुवारीत इथंच कोल्हापुरात सकाळी फिरून येणाऱ्या म्हाताऱ्या नवरा-बायकोवर गोळ्या झाडल्या, ते पत्रकार नव्हते पण लिहिणारे-बोलणारे होते. 2017 ला पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा विधिमंडळात मंजूर झाला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा 50 हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि तरी 2023 च्या फेब्रुवारीत राजापूरजवळ एका पत्रकाराला जीपखाली चिरडलं, त्याची बातमी त्याच दिवशी सकाळी पेपरात आली होती. राजापूर म्हणजे घाट उतरला की आलंच. त्यामुळं आता एखादा म्हणतो दिगूनं लिहायला पाहिजे होतं, तर शेजारचा विचारतो, तू लिहिशील का?

नव्या सिरीज यातलं जीव घेणं बरोबर उचलतात, पाठलाग, गोळीबार, फुटलेला मोबाईल, सगळं टकाटक. पत्रकार एकतर संत नाहीतर विकलेला. इथल्या बऱ्याच लोकांची तक्रार हीच आहे की आठ-आठ एपिसोड संपतात तरी त्या पेपरचा मालक कोण, त्याचा धंदा काय आणि अंकात जाहिराती कुणाच्या लागतात हे एकदासुद्धा दाखवत नाहीत.